घाटकोपरवरून उतरणारी विमानं आणि दोनशे सह्यांचा अर्ज

पत्र: आम्ही घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहतो. चार मजली जुनी इमारत, घर तिसऱ्या मजल्यावर. विमानं डोक्यावरून उतरतात, चाकं मोजता येतील इतकी खालून. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रात्री दोन-तीनदा दचकून उठतात. नात आठ महिन्यांची. मुलगा म्हणतो, सवय होते. सोसायटीने 'विमानांचा आवाज बंद करा, विमानतळ हलवा' असा अर्ज तयार केलाय. दोनशे सह्या झाल्यात, पण तो द्यायचा कुणाला हे ठरत नाही. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, बिल्डरचा मसुदाही आलाय. सून म्हणते, जागा विकून उलव्याला जाऊ. आम्ही काय करावं?
— एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी शाळा कुर्ल्याला होती. विमान आलं की आमच्या बाई वाक्य अर्धवट सोडून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करायच्या. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. पुढे इमारतींच्या ध्वनिरोधनाच्या कामात पडले तेव्हा कळलं की त्या रोजच्या थांबण्याने आमच्या वर्गाचं काय काय गेलं असेल. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

आधी अर्जाबद्दल. तो आत्ता देऊ नका. सह्या जपून ठेवा, मजकूर बदला. 'आवाज बंद करा' या मागणीवर कुठल्याही अधिकाऱ्याला काही करता येत नाही, कारण तुमच्या घरात येणारा आवाज एका माणसाच्या हातातला नाही. विमान कोणत्या दिशेने उतरवायचं हे हवाई वाहतूक नियंत्रण ठरवतं, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण. नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. विमान कुठलं आणायचं आणि रात्री किती वाजता आणायचं हे विमान कंपनी ठरवते. धावपट्टीची देखभाल आणि जमिनीवरचा आवाज विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे. आणि तुमच्या खिडकीतून किती आवाज आत येतो, हे येत्या काही महिन्यांत तुम्ही आणि तुमचा बिल्डर ठरवणार आहात. प्रत्येकाकडे त्याच्या हातातलं तेवढंच मागायचं.

त्यासाठी तुमच्या डोक्यावर नेमकं काय घडतंय ते समजून घ्या. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. आपल्याकडे वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. म्हणून उतरणारी विमानं पूर्वेकडून तुमच्या आणि कुर्ल्याच्या डोक्यावरून येतात आणि उडणारी सांताक्रूझ-जुहूवरून समुद्राकडे जातात. वारा पूर्वेचा असला की हे उलटं होतं. एखाद्या आठवड्यात अचानक शांतता वाटली असेल तर कारण बहुधा हेच.

विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची. घाटकोपर स्टेशन त्या टोकापासून अडीच-तीन किलोमीटरवर, म्हणजे तुमच्यावरून जाताना विमान दीडशे मीटरच्या आसपास असतं. तुम्ही चाकांचं लिहिलंत त्यात अतिशयोक्ती नाही.

या उंचीमुळे काही उपाय तुमच्यापुरते बाद होतात, ते आधी सांगते. कुणी तुम्हाला सांगेल की फ्रँकफर्टला उतार ३.२ अंशांचा केला, तसं इथे करा. तुमच्या ठिकाणी त्याने विमान फार तर दहा मीटर वर जाईल, कानाला कळणारही नाही. कुणी 'सलग उतरण' सुचवेल, म्हणजे विमानाने पायऱ्या-पायऱ्यांनी न उतरता इंजिन मंद ठेवून एका ओघात खाली यायचं. पद्धत चांगली आहे, पण तिचा फायदा धावपट्टीपासून पंधरा-वीस किलोमीटर आणि त्यापलीकडे राहणाऱ्यांना. तुमच्याकडे येईपर्यंत विमान त्या शेवटच्या उतारावर लागलेलंच असतं, चाकं बाहेर, पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण उघड्या. उतरताना इंजिनापेक्षा या चाकांवर आणि झडपांवर घासणारा वाराच जास्त गर्जतो. नवी विमानं जुन्यांपेक्षा बरीच शांत आहेत, पण तो फरक उडताना जितका जाणवतो तितका उतरताना जाणवत नाही. इंजिन बदललं तरी चाकं तीच राहतात.

तुमच्यासाठी खऱ्या उपयोगाच्या गोष्टी मग दोनच उरतात: रात्र आणि खिडकी.

रात्रीचं बोलण्याआधी तुमच्या मुलाला एक निरोप द्या. सवय होते हे अर्धं खरं आहे. काही आठवड्यांनी माणूस दर विमानाला पूर्ण जागा होत नाही. पण झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके आवाजाबरोबर वाढतात, रक्तदाब चढतो, आणि ही प्रतिक्रिया वर्षानुवर्षांनीही फारशी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४० डेसिबलच्या खाली असावा अशी ठाम शिफारस आहे. सासूबाईंचं दचकणं म्हणजे वयाचा हट्टीपणा नव्हे.

आता आपल्याकडचा कायदा. तुमच्या अर्जात निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिली आहे. ती २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली. पण जून २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळाभोवतीच्या ध्वनी-क्षेत्रासाठी वेगळी मानकं काढली. वर्षाला ५०,००० हून जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री ६५. मुंबई यात कितीतरी पटींनी बसते. हेही लक्षात घ्या की हे आकडे सरासरीचे आहेत, एका विमानाचे नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांतला सगळा आवाज एकत्र करून ही सरासरी निघते, आणि तिचं गणित असं की विमानांची संख्या निम्मी केली तरी ती तीनच डेसिबलने उतरते. आजी दचकते ती मात्र एका विमानाने. म्हणून सरासरीच्या आकड्यावर सगळा अर्ज उभा करू नका. त्यातून एकच प्रश्न उचला: आमची इमारत मुंबई विमानतळाच्या ध्वनी-क्षेत्राच्या नकाशात येते का? येत असेल तर नकाशा आणि आमच्या जवळच्या मोजणीचे रात्रीचे आकडे द्या. येत नसेल तर आम्हाला ४५ ची मर्यादा लागू आहे का, ते लेखी सांगा. दोन्हीपैकी काहीही उत्तर आलं तरी तुम्ही आजच्यापेक्षा पुढे गेलेल्या असाल.

हा प्रश्न माहिती अधिकारात विचारा. डीजीसीए, विमानतळ प्राधिकरण आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिन्ही सरकारी. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. तिघांना वेगवेगळे अर्ज करा आणि एका अर्जात तीनच प्रश्न ठेवा.

आता मागणी. जगात रात्रीसाठी तीन-चार तऱ्हा आहेत. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद आहेत आणि २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही बंदी कायम केली. सिडनीला अकरा ते सहा, त्यासाठी १९९५ चा स्वतंत्र कायदाच आहे. लंडनच्या हीथ्रोला पूर्ण बंदी नाही, पण रात्रीच्या विमानांची वर्षाची संख्या ठरलेली आहे, ५,८००, आणि शिवाय गोंगाट करणाऱ्या विमानाला जास्त गुण मोजून त्यांचीही कमाल मर्यादा. पूर्ण बंदी मुंबईत मिळेल असं मला वाटत नाही. आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी आपली कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतरच निघतात, आणि त्या विमानांत आपल्यातलेच लोक असतात. पण हीथ्रोसारखी कमाल संख्या ही मागणी वाजवी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. इतकी वर्षं 'दुसरीकडे जागाच नाही' हे उत्तर होतं, ते आता तसंच्या तसं देता येणार नाही.

माझा सगळ्यात जास्त भर मात्र लॉस एंजलिसच्या पद्धतीवर आहे. ते शहरही मुंबईसारखं, विमानतळाच्या पश्चिमेला समुद्र. तिथे मध्यरात्रीपासून सकाळी साडेसहापर्यंत, हवामान साथ देईल तेव्हा, विमानं समुद्रावरूनच उतरतात आणि समुद्राकडेच उडतात. शहराच्या बाजूने येतच नाहीत. मुंबईत हे केलं तर घाटकोपर आणि कुर्ल्याची लाखो माणसं त्या तासांत शांत झोपतील. अडचणी लपवत नाही. लॉस एंजलिसला चार समांतर धावपट्ट्या आहेत, आपल्याकडे एका वेळी एकच. उतरणारं आणि उडणारं विमान समोरासमोर येणार, म्हणून दोघांमध्ये बरंच अंतर ठेवावं लागेल आणि तासाला कमी विमानं घेता येतील. पश्चिमेचा जोराचा वारा असेल तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात बहुतेक, हे जमणार नाही. आणि जुहू-सांताक्रूझच्या अडीच-तीन किलोमीटरच्या पट्ट्याला त्या वेळी उतरणारी विमानंही सोसावी लागतील. त्या रहिवाशांशी आधी बोला. त्यांना न विचारता मागणी केलीत तर दोन वस्त्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहतील आणि फाइल तिथेच थांबेल. म्हणून मागणी लहान ठेवा: हिवाळ्यातल्या शांत वाऱ्याच्या रात्री, दोन ते पाच या वेळात, तीन महिने प्रयोग करून पाहा आणि दोन्ही बाजूंची मोजणी जाहीर करा. तीन महिन्यांच्या प्रयोगाला नाही म्हणायला अधिकाऱ्यालाही कारण लिहावं लागतं.

अजून एक दार आहे, तिथे रहिवासी सहसा जात नाहीत. मोठ्या विमानतळांचे उतरण्याचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि दर ठरवण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागवतं. हीथ्रो आणि फ्रँकफर्टला गोंगाटी विमानाला जास्त दर पडतो. मुंबईतही रात्रीच्या आणि जुन्या, गोंगाटी विमानाला जादा दर लावा आणि त्या पैशातून उतारमार्गाखालच्या शाळांच्या आणि रुग्णालयांच्या खिडक्या बदला, असं लेखी द्या. विमान कंपन्या तिथे वकील पाठवतात. दोनशे घाटकोपरकरांचं एक पानही त्या नोंदीत असायला हवं.

अर्जाआधी एक वही घाला. पंधरा रात्री. तारीख, वेळ, कोण जागं झालं, परत झोप लागायला किती वेळ. विमानांचा माग दाखवणारी ॲप फोनवर मिळतात, त्यांतून विमान कुठलं आणि कुठून आलं तेही टिपा. फोनवरच्या डेसिबल ॲपचे आकडे पुरावा म्हणून चालत नाहीत, ते अर्जात घालू नका, नाहीतर वाद त्या आकड्यांवरच अडकतो. पाच-सहा घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या आणि रात्री ३ वाजून १० मिनिटांनी चार घरांत माणसं उठली असं दिसलं, तर ते दोनशे सह्यांपेक्षा वजनदार आहे.

आता खिडकी. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे तुम्हाला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, आणि ही संधी पुन्हा तीस-चाळीस वर्षं येणार नाही. पुनर्विकासाच्या बैठकीत सगळे जादा क्षेत्रफळ, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडं यांवर भांडतात. विमानतळामुळे इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे, त्यामुळे तुमच्याकडे तर फुटाफुटावर ताण असेल. तरी करारनाम्याच्या सुविधांच्या यादीत खिडकीसाठी चार ओळी लिहून घ्या. यादीत बहुतेक 'उत्तम दर्जाच्या पावडर कोटेड सरकत्या खिडक्या' असं असेल. तीच ओळ बदलायची.

कारण असं. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतून आवाज ४५-५० डेसिबलने कमी होऊन आत येतो. सरकत्या खिडकीतून जेमतेम २०-२५ ने. सरकायचं तर फट हवीच, आणि आवाज हवेसारखा फटीतून शिरतो. भिंतीच्या एक टक्का भागाएवढी जरी उघडी फट असली, तरी बाकी भिंत कितीही जाड केलीत, वीसच्या वर रोध मिळत नाही. म्हणून जाड काचेवर पैसे घालून चौकट सरकतीच ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. झोपण्याच्या खोल्यांना बिजागरीवर उघडणारी, चारी बाजूंनी रबरी गॅस्केटने दाबून बंद होणारी खिडकी मागा. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. डबल ग्लेझिंग करणार असतील तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात. सारख्या जाडीच्या असल्या की दोघी एकाच स्वराला कंप पावतात आणि तो स्वर आत येतो. बाजारात मिळणाऱ्या डबल ग्लेझिंगमधली बारा मिलिमीटरची पोकळी मुख्यतः उष्णतेसाठी असते, विमानाच्या घरघरीला ती फारशी अडवत नाही.

करारात कंपनीचं नाव लिहू नका, आकडा लिहा: 'चौकट आणि काच मिळून संपूर्ण खिडकीचा प्रयोगशाळेत तपासलेला आरडब्ल्यू ३८ किंवा जास्त, चाचणीचा दाखला जोडून.' आरडब्ल्यू म्हणजे खिडकी साधारण किती डेसिबल आवाज अडवते, त्याचा आकडा. नुसत्या काचेचा आकडा दाखवतील, तो घेऊ नका. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या आठव्या भागात ध्वनिरोधनाचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्याप्रमाणे वास्तुविशारदाने खोल्यांचा हिशोब करून द्यावा अशीही ओळ घाला. खिडकी बसवताना चौकट आणि भिंत यांच्यातली पोकळी नीट भरली का, हे कुणीतरी उभं राहून बघायला हवं. एसीच्या नळीचं भोक आणि न्हाणीघराचे काचपट्ट्यांचे झरोके हीसुद्धा दारंच आहेत. आणि खिडक्या बंद राहणार म्हणजे ताजी हवा हवी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून आवाज अडवणारा हवा-मार्ग असलेला छोटा पंखा आत्ताच नकाशात घ्या. नंतर भिंत फोडावी लागते.

नवी इमारत यायला तीन-चार वर्षं जातील. तोवर सासूबाईंच्या खोलीपुरता उपाय: आहे त्या खिडकीच्या आत, जमेल तर दहा सेंटिमीटरचं अंतर ठेवून, दुसरी घट्ट बंद होणारी काचेची खिडकी बसवा. एकाच खिडकीला करा, खर्च आवाक्यात राहील. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज नाही, त्यांवर पैसे घालू नका. बाळाचा पाळणा खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लावा. बाळाच्या कानाशी सतत सूं-सूं आवाज करणारं यंत्र लावायचा सल्ला कुणी दिला तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका.

राहिलं उलवे. सुनेची तगमग मला कळते, पण उलवे नव्या विमानतळाला लागूनच आहे. तिथली धावपट्टीही साधारण पूर्व-पश्चिम आहे, पूर्वेला पनवेल. या संदर्भात म्युनिकची गोष्ट सुनेला जरूर सांगा. मे १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद झाला आणि शहरापासून दूर नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांना आधीपासून तपासलं होतं. विमानतळ गेल्यावर जुन्या वस्तीतल्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं तेच घसरलं. मला या निष्कर्षात आशा दिसते, आवाज थांबला की मुलं सावरतात. पण नातीला घेऊन त्याच्या उलट्या बाजूला जाऊ नका. जायचंच असेल तर नकाशावर धावपट्टीची रेघ दोन्ही टोकांकडून दहा किलोमीटर लांबवा आणि त्या रेघेपासून दोन-तीन किलोमीटर बाजूला घर बघा. धावपट्टीच्या कडेला राहणं आणि तिच्या रेघेखाली राहणं यांत फार फरक आहे. आणि घर बघायला एकदा रात्री जा.

मी तुमच्या जागी असते तर विकलं नसतं. स्टेशन पाच मिनिटांवर आहे, सासूबाईंची ओळखीची माणसं आणि डॉक्टर तिथे आहेत, आणि चांगली खिडकी असलेलं नवं घर तुम्हाला मिळणार आहे. बिल्डरच्या मसुद्यातलं सुविधांच्या यादीचं पान सर्वसाधारण सभेच्या आधी मला पाठवा, सोबत वहीच्या पहिल्या पंधरा रात्रींची झेरॉक्स. माहिती अधिकाराचे तीन अर्ज आणि प्रयोगाच्या मागणीचं पत्र मी लिहून देते. सह्या झालेल्या कागदांना ते जोडता येईल का, हे सेक्रेटरींना विचारून ठेवा. मजकूर बदलल्यावर लोकांना पुन्हा दाखवूनच सह्या घ्याव्या लागतील.